आधी तारा, मग हातोडी

मी मंचावर पोहोचले तेव्हा पियानोखालून दोन पाय बाहेर आलेले होते. पायांत करडे मोजे, आणि उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी चांगलं बोराएवढं भोक.

मी हत्यारांची पेटी खाली ठेवली आणि घसा खाकरला. पाय दचकले. पाठोपाठ 'ठण्ण' असा आवाज झाला, कारण पायांच्या दुसऱ्या टोकाचं डोकं पियानोच्या लाकडी तुळईवर आपटलं होतं.

"अहो, जपून! लागेल ना!"

"लागलंय," खालून उत्तर आलं.

"तुम्हाला नाही म्हणाले मी. पियानोला."

तो सरपटत बाहेर आला. एक हात डोक्यावर, चष्मा एकाच कानावर टिकलेला, केसांत धूळ. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. चेहरा... आता खोटं कशाला बोला, चेहरा बरा होता. पण मी कामाला आले होते, चेहरे बघायला नाही.

"तुम्ही कोण?" त्यानं विचारलं.

"पियानो दुरुस्त करायला आलेय. तुम्ही?"

"वाजवायला."

"खालून?"

तो हसला. हसताना आधी डोळे हसायचे आणि ओठ जरा उशिरानं. "काहीतरी कुरकुरतंय असं वाटलं म्हणून शोधत होतो."

"सापडलं का?"

"टेंगूळ सापडलं."

अकरा ते दोन ही वेळ माझी होती. त्याचंही तेच म्हणणं होतं. आम्ही दोघं तणतणत व्यवस्थापकांच्या टेबलाशी गेलो. तिथल्या वहीत त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, 'बुधवार, अकरा ते दोन, पियानो.' बास. पियानोचं काय, ते लिहायची त्यांना गरज वाटली नव्हती. स्वतः व्यवस्थापक कुठेतरी बाहेर गेले होते.

"मला शांतता लागते," मी म्हणाले. "तुम्ही घरी जा."

"मला पियानो लागतो. तो घरी नाही."

बाबा असते तर त्यांनी एका नजरेत माणूस वाटेला लावला असता. पण बाबांची कंबर धरली होती आणि ते आठवडाभर पाठीवर पडून छताकडे बघत होते. या हॉलचा पियानो बावीस वर्षं त्यांच्या हातचा. गेल्या वेळेपासून मी एकटी यायला लागले होते.

"निदान ऐकून तर घ्या," तो म्हणाला आणि मंचाच्या पायरीवर बसला. मग त्यानं सगळं सांगितलं. इथल्या मुलांच्या गायनवृंदाला तो पियानोची साथ करायचा. वर्षभर हंगामी होता. आता कायमची जागा निघाली होती, तिला दोन उमेदवार होते, आणि शनिवारी सकाळी वृंदाच्या बाई दोघांचं ऐकून एकाला ठेवणार होत्या.

"आणि दुसऱ्याला ठेवलं तर?"

"तर मी दादाच्या दुकानात. फरशांचं दुकान आहे, इथून आठ तासांवर. दादा म्हणतो, तुझे कान तिखट आहेत, फरशी वाजवून तडा गेलाय का ते सांगत जा."

मला हसू आलं. त्याला मात्र आलं नाही. शनिवार त्याच्या मानेवर बसलेला दिसत होता.

"माझं एक काम कराल?" तो जरा संकोचून म्हणाला. "बावन्न ते पंचावन्न या पट्ट्या बघा. जोरात वाजवलं तर ठीक असतं. पण डावा पॅडल दाबून हळू वाजवायला गेलो की हे चार स्वर... कसं सांगू... विस्कटतात. आधीच्या-नंतरच्या स्वरांसारखे येत नाहीत. बाई म्हणतात, तुमचा हात डगमगतो. असेलही. सहा महिने मी तेवढ्याच चार स्वरांवर घाम गाळतोय. पण एकदा तुम्ही बघा."

बावन्न ते पंचावन्न. हे आकडे मला चांगलेच ठाऊक होते.

हे नीट सांगायला हवं. पियानोच्या मधल्या आणि उंच स्वरांच्या दर पट्टीला एक नाही, शेजारी-शेजारी तीन तारा असतात. पट्टी दाबली की खालून नमद्यानं, म्हणजे दाबलेल्या लोकरीनं, मढवलेली एक छोटी हातोडी उठते आणि तिन्ही तारांना एकाच वेळी लागते. तीनपैकी एखादी तार केसभर जरी वर राहिली, तरी हातोडी दोघींना लागते आणि तिसरीला नुसती चाटून जाते. मग स्वराला दम राहत नाही. म्हणून आमच्या कारखान्यात बाबांचा एक नियम आहे, आधी तारा, मग हातोडी. आधी तिन्ही तारा एका पातळीत आणायच्या आणि त्यानंतरच नमद्याला हात लावायचा. का, तर तार पुन्हा वरखाली करता येते. तासलेला नमदा परत येत नाही.

सहा महिन्यांपूर्वी मी पहिल्यांदा एकटी या पियानोवर बसले. त्या चार पट्ट्यांच्या तारा वरखाली होत्या. बाबांना ज्या कामाला दोन दिवस लागतात ते मी एका दिवसात करून दाखवणार होते. तेव्हा मी तारा तशाच ठेवल्या आणि पॉलिश पेपरनं हातोड्याच अशा तिरप्या तासल्या की वाकड्या तारांना वाकडी हातोडी बरोब्बर बसली. वाजवून पाहिलं, झकास. फक्त डावा पॅडल दाबून पाहिला नाही. तो दाबला की सगळ्या हातोड्या मिळून किंचित उजवीकडे सरकतात, म्हणजे माझी वाकडी हातोडी भलत्याच जागी लागणार. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि हा माणूस सहा महिने स्वतःच्या बोटांना दोष देत बसला होता. मी सांगायला हवं होतं, त्याच क्षणी.

"बघते," मी म्हणाले.

एकट्यानं हे काम करायला तीन हात लागतात. एकानं पट्टी दाबून धरायची, दुसऱ्यानं समोरच्या फटीतून बारीक वाकडी सळई घालून हातोडी तारांना टेकवून ठेवायची, आणि तिसऱ्यानं वरून एकेक तार नखानं छेडायची. मी एरवी लाकडी पाचर वापरते. पण दोन हात रिकामेच होते आणि त्यांचा मालक उत्सुक होता.

"असं?" त्यानं सळई धरत विचारलं.

"हळू. लोणी कापताय असं समजा. हां... टेकली. आता हलू नका."

"श्वास घेतला तर चालेल?"

"बेतानं."

त्याला डावा पॅडल दाबून धरायला सांगून मी पियानोवर ओणवी झाले. बावन्नची पहिली तार छेडली. 'टप्'. दुसरी, 'टप्'. तिसरी मात्र छान, लांबवर गुंजत राहिली.

"व्वा, ही चांगली आहे," तो म्हणाला.

"हीच वाईट आहे. हातोडी टेकलेली असताना तार वाजायलाच नको. वाजली म्हणजे हातोडी तिच्यापर्यंत पोचलीच नाही."

"म्हणजे इथं जी गप्प बसते ती शहाणी?"

"हो. तुम्हीही प्रयत्न करून बघा."

तो लगेच तोंड मिटून बसला, पण त्याचे खांदे हसत होते. उंच खिडक्यांतून उन्हाचा एक पट्टा तारांवर पडला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. मी पेटीतून बाबांची पाणसळ काढली. सुतार-गवंडी वापरतात तसलीच, पण करंगळीच्या पेराएवढी. ती तारांवर ठेवली की आतला बुडबुडा कुणीकडे कलतो ते बघायचं. मग खाली बसलेल्या दोन तारांना आकड्यानं हलकेच वर ओढायचं, तिसरीच्या बरोबरीला येईपर्यंत. ओढली की तार सैल पडते, म्हणून खुंटी पिळून तिचा सूर परत लावायचा. पुन्हा पाणसळ, पुन्हा आकडा. पाऊण तासात चारही पट्ट्यांच्या तारा एका पातळीत आल्या.

"वाजवा," मी म्हणाले, आणि ओठ चावला. पुढे काय होणार ते मला माहीत होतं.

त्यानं वाजवलं. बावन्न, त्रेपन्न, चौपन्न, पंचावन्न. पॅडलशिवाय. चारही स्वर फाटके आले.

"अरेच्चा," तो म्हणाला. "हे तर आधीपेक्षा वाईट आहे."

साहजिक होतं. तारा आता सरळ होत्या आणि हातोड्या तिरप्या. मी पट्ट्या-हातोड्यांचा अख्खा सांगाडा ड्रॉवरसारखा बाहेर ओढला. त्यानं वाकून पाहिलं आणि त्याला नेमकं तेच दिसलं.

"या चारच अशा उतरत्या का? कोणी मुद्दाम तासल्यात का?"

त्याचा खांदा माझ्या खांद्यापासून वीतभर दूर होता. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा वास येत होता. एवढ्या जवळ उभं राहून मी धडधडीत खोटं बोलले.

"वापरून होतात कधीकधी अशा. उद्या बघू."

घरी गेले तर आत्या दारातच. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमचं घर तीच चालवते आणि माझं तोंड वाचायचं काम तिनं स्वतःहून घेतलंय.

"काय झालं? चेहरा का उतरलाय?"

"काही नाही."

"'काही नाही'ला चष्मा आहे की नाही?"

आत्याच्या मते चांगला मुलगा म्हणजे चष्मेवाला. मी बाबांच्या खोलीत गेले. ते पाठीवर पडून होते, डोक्याखाली उशी नाही. मी स्टूल ओढलं आणि एका दमात सगळं सांगितलं. चार हातोड्या, तिरपा नमदा, डावा पॅडल. आता पुन्हा सपाट तासायला गेले तर नमदा संपून लाकूड लागेल, हेही.

बाबा छताकडे बघत राहिले. "चार तासल्यास?"

"चार."

"मी तुझ्या वयात अख्ख्या पियानोच्या तासल्या होत्या," ते म्हणाले. "मालकीणबाई रडल्या होत्या. कपाटात खालच्या फळीवर पत्र्याचा डबा आहे. त्यात जुन्या हातोड्या नंबरवार ठेवल्यात. या पियानोला बसतील."

मी सुटकेचा श्वास सोडत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "पण आपला रिवाज माहितीये ना? नवा भाग बसवायच्या आधी गिऱ्हाइकाला सांगायचं. ज्याची चूक त्यानं, आपल्या तोंडानं."

"गिऱ्हाईक म्हणजे हॉल ना? व्यवस्थापकांना सांगते."

"सहा महिने त्रास कोणाला झाला?"

आत्या चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि त्यातलं तिला हवं तेवढंच घेतलं होतं. "म्हणजे चष्मा आहे," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळपासून भुरभुर होती. तिला पाऊस म्हणणं अवघड, नुसती ओल. ओल्या हवेत हातोड्या चिकटवायचा सरस लवकर वाळत नाही, म्हणून मी वेळेआधीच हॉलवर पोचले. तो माझ्याही आधी आलेला होता. बाकावर बिस्किटांचा पुडा आणि दोन कप.

"कामगारांना सांभाळावं लागतं," तो म्हणाला. "साखर किती?"

"मला काहीतरी सांगायचंय."

"आधी साखर. सांगणं काय, ढवळता ढवळताही करता येतं." तो आज खुशीत होता. "काल घरी गेलो आणि गंमत झाली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा शनिवारची भीती वाटली नाही. वाटलं, आपल्या बाजूनं कोणीतरी आहे. असं..."

"त्या हातोड्या मी तासल्या होत्या."

चमचा थांबला.

"सहा महिन्यांपूर्वी. घाईत. आधी तारा सरळ करायच्या असतात, त्या मी केल्या नाहीत. काल तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. तुमची बोटं चांगली आहेत. पहिल्यापासून चांगलीच होती. दोष माझा होता."

त्यानं चमचा बाजूला ठेवला. मग त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. उताणे केले, पालथे केले.

"मी सहा महिने रोज या बोटांना शिव्या दिल्यात," तो सावकाश म्हणाला. "बाई सगळ्यांसमोर बोलायच्या. मुलं हसायची. मी त्या चार स्वरांसाठी बोटांची ठेवण बदलली. मनगट बदललं. बसायची उंची बदलली. दादाला फोन करून सांगितलं, बहुतेक जमत नाहीये मला, एक जागा ठेव दुकानात." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि काल तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहून म्हणालात, वापरून होतात अशा."

"हो."

त्यानं कप खाली ठेवला, छत्री न घेताच निघून गेला.

मला रडू आलं, पण सरस रडण्यासाठी थांबत नाही. एकदा तापला की लावावाच लागतो आणि वास असा की डोळ्यांत पाणी यायला दुसरं कारण लागत नाही. मी तासलेल्या चार हातोड्या काढल्या, डब्यातल्या बसवल्या, शेजारच्यांच्या ओळीत आहेत ना हे दहा वेळा पाहिलं. तासलेल्या चार रुमालात बांधून पेटीत टाकल्या. दोन्ही कपांतला चहा गार झाला होता.

शुक्रवारी तो येणार नाही अशी मनाची तयारी करून गेले होते. मी ठरवलं होतं, चारच पट्ट्या कशाला, तीन तारांच्या सगळ्या एकसष्ट पट्ट्या तपासायच्या. लाकडी पाचर घेतली, अठ्ठाविसाव्या पट्टीपासून सुरुवात केली. एकतिसावीवर होते तेव्हा मागून पावलं वाजली. तो येऊन बाकावर बसला आणि माझ्यापुढे हात केला. मी सळई दिली.

"कितवी?" त्यानं विचारलं.

"एकतीस."

तो पट्टी दाबायचा, हातोडी टेकवायचा. मी तीन तारा छेडायचे. टप्, टप्, टप्. पुढची. टप्, टप्, आणि एखादी गुंजायची, मग पाणसळ, आकडा, खुंटी. आम्ही पट्ट्यांच्या नंबरांशिवाय काही बोलत नव्हतो. पण पस्तिशीनंतर माझ्या लक्षात आलं, मी 'पुढची' म्हणायच्या आधीच त्याचं बोट पुढच्या पट्टीवर गेलेलं असायचं. तो माझ्या नखाकडे बघत होता. कधीकधी नखाकडे बघत नव्हता.

"काल मी बाईंच्या घरी निघालो होतो," चव्वेचाळीसवर तो म्हणाला. "सांगायला, की दोष पियानोचा होता. अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो."

"का?"

"कोणी केलं, असं त्यांनी विचारलं असतं."

"मग सांगायचं. खरंच तर आहे."

"पुढची," तो म्हणाला.

बावन्नवर आलो. सरस चांगला धरला होता. टप्, टप्, टप्. त्रेपन्न, चौपन्न, पंचावन्न. एकही तार गुंजली नाही. मी मागे सरले. "डावा पॅडल दाबून वाजवा."

त्यानं पॅडल दाबला आणि अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल असं, एकावन्नपासून छप्पन्नपर्यंत वाजवलं. सहाही स्वर सारखे आले, मऊ आणि भरलेले. त्यानं पुन्हा वाजवलं, मग परत उलटं. नंतर तो नुसता बसून राहिला आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला, जरा जास्तच वेळ.

"म्हणजे हात बरा होता माझा," तो म्हणाला.

"फार चांगला आहे," मी म्हणाले. "मला माफ कर... करा."

तो मान खाली घालून हसला. "अजून तेहेतीस पट्ट्या आहेत. तेवढ्यात जमेल बहुतेक."

शनिवारी सकाळी मी सूर शेवटचा तपासला आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. पुढे बाई, त्यांच्या शेजारी व्यवस्थापक, मांडीवर वही. बाई ठेंगण्या, ताठ, आवाज वर्गातला. दुसऱ्या उमेदवारानं आधी वाजवलं. माणूस तयारीचा होता, खोटं कशाला बोलू. दणदणीत वाजवत होता.

मग हा आला. त्याची चीज पहिल्यापासून शेवटपर्यंत हळू होती. डावा पॅडल जवळजवळ उचललाच नाही त्यानं. मी स्वरांकडे कानांनी नाही, पोटानं लक्ष देत होते. बावन्न आला आणि गेला. पंचावन्न आला आणि गेला. एकाही स्वरानं मान वर केली नाही. त्याच्या पाठीकडे बघता बघता मला कळलं की हा माणूस आठ तासांवर गेला तर मला सहन होणार नाही. तीन दिवसांची ओळख, पण होतं ते असं होतं.

वाजवून झालं. बाईंनी मान डोलावली.

"आज छान वाजवलंत," त्या म्हणाल्या. "पण मी सहा महिने ऐकतेय. हळू वाजवताना तुमचा हात डगमगतो. एका दिवसाच्या जोरावर मुलांचा वृंद कसा सोपवू तुमच्याकडे? तुमचं काही म्हणणं आहे?"

त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. दोष पियानोचा होता, एवढंच. मी वाट बघत राहिले. त्यानं पियानोच्या झाकणावर हात ठेवला.

"नाही बाई," तो म्हणाला.

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडून मोठा आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं.

"त्याचा हात डगमगत नव्हता," मी म्हणाले. "पियानो बिघडलेला होता. मी बिघडवला होता."

"अहो..." तो म्हणाला.

"तुम्ही थांबा हो." मी पुढे गेले, रुमाल सोडला आणि चारही हातोड्या बाईंच्या समोर ठेवल्या. तारा, तिरपा नमदा, डावा पॅडल, सगळं सांगितलं. बाईंनी एक हातोडी उचलली आणि बोट फिरवून तिचा उतार पाहिला. मग दुसरी घेतली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"सहा महिने मी या मुलाला बोलले," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, हातोडीशीच.

व्यवस्थापकांनी वही मिटली. ते वाईट माणूस नाहीत. "हे मला समितीपुढे ठेवावं लागेल," ते म्हणाले. "तुम्ही कबूल केलंत हे चांगलं केलंत. पण पुढच्या खेपेपासून पियानोचं काम दुसरीकडे जाईल."

बावीस वर्षं. मी मान हलवली, पेटी उचलली आणि बाहेर आले. पुढे काय ठरलं ते ऐकायला थांबण्याचं धाडस नव्हतं.

हॉलच्या पायऱ्या ओल्या होत्या. मी सगळ्यात खालच्या पायरीवर होते तेव्हा तो धापा टाकत मागून आला.

"सोमवारपासून," तो म्हणाला. "कायम. बाईंनी माझी माफी मागितली. मला कुठं बघावं कळेना."

"खूप छान झालं," मी म्हणाले, आणि खरोखर तसंच वाटलं. डोळे मात्र भरून आले.

"तुमचं काम गेलं."

"माझं नाही, बाबांचं. जाऊन सांगायचंय त्यांना."

"तुम्ही कशाला बोललात? मी गप्प बसलो होतो ना?"

"म्हणून तर बोलले."

आम्ही दोघं उभे राहिलो. छपरावरून एकेक थेंब पडत होता. तो काहीतरी शोधत होता, मोज्यांपासून आभाळापर्यंत सगळीकडे.

"म्हणजे आता तुम्ही हॉलवर येणार नाही," तो म्हणाला. "मी काहीही तक्रार केली तरी दुसरंच कोणीतरी येणार."

"हो."

"मग... भेटायला काही कारणच राहिलं नाही."

"कारण हवंच का?" मी म्हणाले. मग वाटलं, बास झालं हे आडून-आडून. "मला तू आवडतोस. काम असो नसो. आता बोल."

तो दोन पायऱ्या उतरून माझ्यासमोर आला, माझ्या हातातली पेटी घेतली, खाली ठेवली. मग म्हणाला, "गुरुवारी रागानं निघून गेलो ना, तो रस्ताभर एकच हिशेब करत होतो. शनिवारनंतर ही दिसणार नाही, आणि हातातले दोन दिवस मी हिच्यावर चिडून घालवतोय. शुक्रवारी कामासाठी आलो नव्हतो मी. तू आठ तासांवर असतीस तरी आलो असतो."

त्यानं माझा हात धरला. त्याची बोटं गार होती आणि जराही थरथरत नव्हती.

घरी तो बरोबर आला. नको म्हटलं तरी आला. आत्यानं दार उघडलं, चष्मा पाहिला आणि गालात हसत बाजूला झाली. मी सरळ बाबांच्या खोलीत गेले आणि उभ्या-उभ्या सांगितलं. हॉलचं काम गेलं, बाबा. माझ्यामुळे.

बाबांची नजर छतावर होती.

मग त्यांनी मान वळवली, दारातल्या त्याच्याकडे पाहिलं. "पॅडल दाबून वाजवलंत ना?"

"हो."

"स्वर सारखे आले?"

"सगळे सारखे आले, काका."

"बरं झालं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

तीन दिवस दाबून धरलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. मी बाबांच्या उशाशी बसले आणि लहान मुलीसारखी रडले. थोड्या वेळानं माझ्या पाठीवर त्याचा हात आला. बाबा जागे होते, आत्या दारात उभी राहून टक लावून बघत होती. त्यानं हात काढला नाही.